चित्रातल्या बाईची मागची बाजू

३ मार्च

आज संग्रहालयात माझ्यावर घोर अन्याय झाला. पेन्सिल जप्त! माझा अंबाडा गेली अकरा वर्षं एका पेन्सिलीच्या आधारानं उभा आहे. दालनाच्या दाराशी, भिंतीला टेकलेल्या खुर्चीत पहारेकरीण. म्हणाली, "टोकदार वस्तू आत नेता येत नाही." म्हटलं, "बाई, हिनं मी केस खोचते, चित्रं भोसकत नाही." तिनं नुसता हात पुढे केला. मग झिंज्या सोडून तासभर हिंडले. शाळेची सहल चित्रं सोडून मलाच बघत होती.

निघताना तक्रारवहीत पाऊण पान खरडलं. 'खुर्चीच्या लाकडात आणि खुर्चीवरच्या बाईत फरक करता येत नाही' — हे विशेष जमलंय.

गेले होते धाकट्या बहिणीसाठी, जुन्या चित्रांत एखादी केशरचना सापडते का बघायला. एक्कावन्नाव्या वर्षी लग्न करतेय, कचेरीत, सह्या करून. आजारपणात डोक्यामागे तळहाताएवढी जागा उजाड झाली, ती भरलीच नाही. आणि पाहुणे बसणार मागे. "ताई, मी नाही जात. कळव त्यांना." कालपासून दोनदा.

४ मार्च

हिरव्या झग्यातल्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचा फोटो पार्लरवालीला दाखवला. केस कानांवरून मागे घेतलेले, मोत्यांची माळ. तिनं पाहिला. "छान आहे. मागे काय?"

मागे काय ते चित्रकारानं काढलंच नाही! इतिहासातल्या यच्चयावत थोर बायका समोरून सजलेल्या. मागे सुतळीनं आवळलेल्या असल्या तरी कुणाला पत्ता नाही.

धाकटी म्हणाली, "तिलाही मागे काही नसेल."

६ मार्च

पुन्हा गेले. भिंतीला गाल लावून चौकटीमागे डोकावले. (हो. या वयात.) खिळा आणि कोळ्याचं जाळं.

"काय शोधताय?" पहारेकरीण.

"हिचा अंबाडा."

ती हसली नाही. उठली आणि माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. तीन पेड, एकाखाली एक दडवलेले, भरघोस. "नऊ वर्षं हिच्यासमोर बसतेय. समोरच्यावरून मागचं काढलं. आधी चार वेळा फसलं."

धाकटीचं सांगितलं. तिनं पत्ता लिहून घेतला — माझ्याच पेन्सिलीनं.

७ मार्च

धाकटी: "परक्या बाईला डोकं दाखवू?" म्हटलं, "परवा चाळीस ओळखीच्यांना दाखवायचंय."

९ मार्च

पहारेकरीण सकाळी आठ वाजता हजर, हातात पिनांचा डबा. धाकटी डोक्याचा रुमाल सोडेना. तेव्हा ही बाई तिच्यापुढे पाठ करून बसली. "आधी माझे सोडून बघा, म्हणजे कसे बांधायचे ते कळेल." धाकटीनं एकेक पिन काढली. शेवटचा पेड सुटला, आणि खाली तशीच तळहाताएवढी उजाड जागा.

धाकटीनं आपणहून रुमाल काढला.

कचेरीत मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. पुढची मावशी कुजबुजली, "केवढे केस गं हिचे अजून!" नवरदेवाचं टक्कल पुढूनमागून सारखं. त्याची कुणी दखलही घेतली नाही.

१० मार्च

तक्रारवही मागून घेतली. माझ्या पाऊण पानाखाली पहारेकरणीची सही. 'वाचले. ४ मार्च.'

चार. पाठ फिरवून उभी राहिली ती सहाला.

सहीखाली लिहिलं: 'तक्रार मागे घेते. लाकूड ओळखण्यात माझी चूक झाली.' मग दालनाच्या दाराशी गेले, अंबाड्यातली पेन्सिल उपसली आणि तिनं हात पुढे करायच्या आत तिच्यासमोर धरली.