आईंच्या पाठीची चौकशी

टेंभी नाका, ठाणे
आश्विन शुद्ध तृतीया, शके १८०७

त्रिंबकराव शिरस्तेदार यांस भिवराबाईचा नमस्कार.

अंथरुणाला खिळलेल्या तुमच्या आईंना सांभाळायला मला ठेवलंत आणि मग मुंबईच्या कोर्टात बसून माझी चौकशी मांडलीत. कल्याणात तीन घरी पत्रं गेली. बाई कुणाची, हाताची स्वच्छ आहे ना, तोंडाची फाटकी नाही ना? मला राग नाही आला. आई परक्या बाईच्या हाती द्यायची तर माणसानं विचारावंच.

पण विचारायचं तेच राहिलं. त्यातल्याच एका घरचे नाना अडीच वर्षं अंथरुणात माझ्या हाती होते. ते गेल्यावर ज्यांनी त्यांना शेवटची अंघोळ घातली त्यांना विचारा, पाठ कशी होती. एक ओरखडा नव्हता!

चौकशी मीही केली. पहिल्याच दिवशी आईंना कुशीवर वळवलं, तर पाठीवर एकाच कुशीत पडून पडून झालेल्या तीन जखमा. एकीत सुपारी मावली असती. आई म्हणाल्या, "अगो, त्रिंबकला कळवू नकोस हो, जिवाला लावून घेईल."

मी कडुनिंबाच्या पाण्यानं जखमा धुतल्या, आईंना केळीच्या पानावर निजवलं, रात्रंदिवस कूस बदलत राहिले. काल तिसरी जखमही भरली.

तुमच्याविरुद्धचा पुरावा मी माझ्याच हातांनी बुजवला, शिरस्तेदार. आता हे पत्र धाडून काय करू?

जिचा कल्याणहून दाखला अजून यायचा आहे, ती
भिवराबाई