बेळगुंदीचा दगड

अण्णा, पंधरा वर्षांपूर्वी मी तुम्हांला एक गोष्ट खोटी सांगितली. आठ दिवस झाले, तिच्यामुळे कशातच मन लागत नाही.

तुम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवायचात, म्हणून लोक अनगोळच्या आपल्या घरी दगड घेऊन यायचे. नांगराला काळा, जड दगड लागला की तो आभाळातून पडला असं ज्याला त्याला वाटायचं. तुम्ही कुणालाही हसला नाहीत. ‘चुंबक भट्टीत लोखंड गाळून उरलेल्या किट्टालाही चिकटतो,’ असं मला सांगायचात, ‘कानशीनं कोपरा घास. आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर किट्ट. उल्केत लोखंडाचे कण चमकतात. घासल्याशिवाय बोलायचं नाही.’

त्या दिवशी तुम्ही लग्नाला संकेश्वरला गेला होतात. दुपारी बेळगुंदीचा एक शेतकरी बायकोला घेऊन दारात उभा आहे. हातात नारळाएवढा दगड. “ह्या डोळ्यांनी पडताना बघितला, आक्का. आवाज लई मोठा झाला,” तो म्हणतो. माझी आमटी उतू चालली आहे, परीक्षा तोंडावर आली आहे. दगडावर खळगे दिसतात. मी चुंबक लावते, तो चिकटतो. “किट्ट आहे. उगाच ओझं आणलंत.”

“मग मी काय बघितलं म्हणायचं?” त्यानं विचारलं. मी आत निघून गेले.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, “घासून बघितलास का?” मी म्हणाले, “हो. भोकं होती.” तुम्ही समाधानानं मान हलवलीत. मी कानस हातातही घेतली नव्हती, अण्णा.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात खरी उल्का पाहिली. वर जळाल्यासारखी पातळ काळी साल आणि ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे. भोकं नव्हेत, खळगे. तिथं मला उभं राहवेना. परतले आणि दुसऱ्याच दिवशी बेळगुंदी गाठली.

तो शेतकरी आता नाही. त्याची बायको अंगणात शेंगा फोडत होती. मी दगडाचं विचारलं.

“त्याच दिवशी हिरीत टाकला त्येनी. गाव लई हसलं. मरस्तोवर म्हणायचे, मी बघितला ते खरं हाय. मीच म्हणायची, मास्तरांच्या लेकीनं तपासून सांगितलंय, आता गप बसा.” तिचे हात थांबले. “आज कशाला आलासा, आक्का? खरा होता व्हय त्यो?”

मी पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन बाहेर यायच्या आत मी तिथून निघून आले.