बाकावरच्या पर्सा

प्रिय भिंगरी,

तू त्या इंजिनिअरला होकार द्यायच्या बेतात आहेस, हे तुझ्या पप्पांकडून कळलं. उत्साह बघ त्यांचा, तुझं उत्तर यायच्या आधीच झग्यासाठी पांढरं सॅटिन माझ्या मशीनवर आणून टाकलंय. दिवसभर दुकानात मी लोकांचे कपडे उसवते, शिवते, पण या कापडाला कात्री लावायला हात धजत नाही गं. तुझ्या त्या नर्सबद्दल तू मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतंस. जीव टाकायचा तिच्यावर आणि संसार मांडायचा याच्याशी, हा कुठला न्याय? त्या बिचाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?

तुला भीती कसली वाटते ते मला ठाऊक आहे. असलं प्रेम पाप आहे असं चर्चमधले पाळकसाहेब म्हणतात, म्हणजे देवाच्या घरी तुला जागा नाही. बाई गं, त्या जागेची चौकशी माझ्याकडे करायची! घटस्फोट झाल्यापासून मला प्रभुभोजन, ती प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस, बंद. लग्न देव जोडतो म्हणे. माझं तर तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या पत्ते कुटणाऱ्या मित्रानं जोडलं होतं, देवाला कुणी विचारलंच नव्हतं. हात उगारणाऱ्या नवऱ्याला सोडून आले, तर पापी कोण? मी!

तेव्हापासून दर रविवारी सगळे उठून ते घ्यायला पुढे टेबलापाशी जातात आणि मी बाकावर एकटी. मग काय, बायका जाता जाता आपापल्या पर्सा माझ्या मांडीवर ठेवायला लागल्या. ही काही जागची हलणार नाही, याची प्रत्येकीला खात्री. तू लहानपणी मला पर्सवाली आत्या म्हणायचीस तेव्हा मी हसायचे, पण आत नुसता जळफळाट. एका रविवारी असाच पर्सांचा ढीग मांडीवर, कुणाचा तरी मोबाइल आत थरथरतोय, आणि मला एकाएकी रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं. प्रभू तिकडे टेबलापाशी नाही, इथे माझ्या शेजारी येऊन बसलाय, असं आतून इतकं स्वच्छ जाणवलं की मी सरकून जागा केली. खरंच सरकले! परत आलेल्या काकूंना वाटलं, त्यांच्यासाठीच. पाळकसाहेब म्हणाले, भावना फसवतात. फसवत असतील. पण त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटलेली नाही. ज्या शिकवणीनं माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतं, तिला मी आता उघड प्रश्न विचारते. तूही विचार.

आता खरं सांगते. हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलं नव्हतं. ‘तुझं ती ऐकते, तिला लग्नाला तयार कर,’ असं म्हणून पप्पांनीच मला बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. वरचं सगळं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, आता कागद टराटरा फाडतात. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं काय, तर त्या मुलीला म्हणायचं काय? सून म्हणावी तर आपल्याला मुलगा नाही, जावई म्हणावं तर ती बाईमाणूस! डोळ्यांत पाणी आणि चेहरा पार गोंधळलेला. मी म्हटलं, लेक म्हण रे. तोंडातल्या तोंडात त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. दोघी या.

तुझीच,
भांडखोर आत्या