मागच्या बाकावर वहिनी

३ जून
झालं! आजपासून नवा नियम लागू. सरकार आता शाळेला पैसे देणार नाही. मूल ज्या शाळेत जाईल तिथे ते त्याच्यामागून जातील. निवड पालकांची. ज्याच्यासाठी मी कॉलेजात तावातावाने भांडायचे तेच — प्रत्यक्षात!

दादा जेवताना म्हणाला, "म्हणजे शाळांची भाजीमंडई केली म्हणायची."

"मंडईत निदान टोमॅटो दाबून तरी बघू देतात," मी म्हटलं. वहिनी खुदकन हसली. मग दादाकडे बघून पाणी आणायला उठली.

६ जून
आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना सलाम! बाकीच्या शाळा पाट्या रंगवताहेत, ह्यांनी प्रत्येक वर्गात मागे एक बाक पालकांसाठी मोकळा ठेवला. हवं तेव्हा या, बसा, बघा. एक जुने सर कुरकुरले. बाई म्हणाल्या, "शिकवणं काय झाकून ठेवायची गोष्ट आहे?"

नंतर मला बाजूला घेऊन — "चौथीची नवी तुकडी भरली नाही तर बंद होईल. आणि सगळ्यांत नवीन तू आहेस."

भरेल! दादाची लेक यंदा चौथीत, ती तर घरचीच. सगळे तिला चिमणी म्हणतात. चिवचिव मात्र शून्य. कुणी नाव विचारलं तरी वहिनीच्या मागे लपते.

९ जून
आज वहिनी चिमणीला घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर. अपूर्णांक शिकवले. काय रंगला तास! श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही. "वन्सं, काय बोलता हो तुम्ही! ऐकतच राहावं." दिवसभर हवेत होते.

१२ जून
वहिनी पुलापलीकडच्या शाळेतही बसून आली. कुणाला न सांगता! चिमणीला तिथेच घालायचं म्हणते.

दादा भडकला. "घरची शाळा सोडून? अगं, हिची नोकरी जाईल!"

वहिनी वाढत राहिली. "वन्संच्या वर्गात ती छान ऐकेल. घरीही ऐकतेच की. तिथल्या बाई थांबतात हो. चिमणीचं उत्तर येईपर्यंत थांबल्या. आणि आलं!" मग हळूच, "मला आजवर कुणी काही निवडायला सांगितलंच नव्हतं."

दादा माझ्याकडे वळला. "तू बोल. तू म्हणशील तसं."

माझ्या एका शब्दावर होतं सगळं. राग आला होता — इथे खोटं कशाला लिहू? पण सगळ्यांनी निवडावं, आणि मलाच निवडावं, असं थोडंच म्हणत होते मी?

"वहिनी ठरवेल," म्हटलं आणि उठले. ताट तसंच राहिलं.

केवढं धाडस वहिनीचं!

२० जून
तुकडी भरली नाही. बंद. महिनाअखेरपर्यंत मी.

मोठ्या बाईंचे डोळे ओले, जीभ मात्र तीच. "तोंड पाडून काय बसलीस? पुलापलीकडे जा. मागच्या बाकावर बस. आधी शीक, मग तिथेच अर्ज दे."

२१ जून
बसले. त्या बाई प्रश्न विचारतात आणि खरंच थांबतात. मलाच धीर धरवेना — उत्तर माझ्या ओठांवर आलं!

१ जुलै
जेवताना चिमणी शाळेतलं काही सांगत होती, पण दादाचं बोलणं नेहमीसारखं सुरू झालं. मध्येच चिमणी म्हणाली, "थांबा ना बाबा. माझं अजून संपलं नाही."

थांबलो. सगळेच.