आत्या नको म्हणाली

नेइआफू, वावाऊ
ता. १४ मार्च १९९८

प्रिय लवीनिया हिला प्रभूमध्ये सलाम.

तू ऑकलंडहून पाठवलेली पेटी बुधवारच्या बोटीने पोचली. पीठ, साखर, डब्यातलं मांस, कालोचे दोन फ्रॉक, सगळं शाबूत. धक्क्यावर सोडवायला सहा पाआंगा पडले. ते माझ्याकडचे समज. रताळी यंदा बरी आली.

कालो आता बरी आहे. ‘आता’ लिहिलं, म्हणजे मधलंही लिहायला हवं.

गेल्या शुक्रवारी आमच्या देवळातल्या बायकांचा उपास होता. साखरेच्या आजारापायी तुझ्या लेकीला सूट, हे पाळकांनी स्वतः सांगितलेलं. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून ती ताटावर बसली, उकडलेल्या कंदाचा तुकडा उचलला, आणि मी म्हटलं, “एक दिवस पोटाला गप्प बसव गं! भूक म्हणजे सैतानाची हाक.” तिने तुकडा खाली ठेवला. आपल्यात आत्याचा शब्द पोर मोडत नाही, तुला ठाऊकच आहे.

दुपारी प्रार्थनेत ती घामाने भिजली आणि बाकावरून कोसळली. विका नर्सने धावत येऊन तोंडात साखर घातली. कालोने डोळे उघडल्यावर तिने विचारलं, “अगं वेडे, सुई घेतलीस तर जेवली का नाहीस?”

“आत्या नको म्हणाली ना.”

एकही बाई माझ्याकडे बघेना.

संध्याकाळी पाळकीणबाई आल्या. मी उपासाचा महिमा सांगू लागले, तर म्हणाल्या, “फुसीताई, एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला झापलं नाही. आधी भाकर दिली. तुम्ही देवदूताच्याही वरच्या का?”

त्यांना बोलले नाही ते तुला लिहिते. त्या सकाळी कालोला गप्प करून मी चुलीमागे गेले आणि लोणी थापून अर्धा पाव उभ्यानेच खाल्ला. भूक नव्हती. सेमिसी गेल्यापासून हे असंच. घर खायला उठलं की नवऱ्याची आठवण काढायची सोडून मी पाव काढते. मग लाज, मग उपास, मग पुन्हा पाव. माझ्या जिभेवरचा राग मी तुझ्या लेकीच्या ताटावर काढला.

आता वेळेवर, बसून, आभार मानून जेवते. मासा, पाला, कंदाचा तुकडा. अवेळी पाव खुणावला की पाळकीणबाईंच्या ओट्यावर जाऊन बसते. काल मात्र चुकले.

कालो सध्या विकाकडे आहे. माझ्याकडे परत यायचंय म्हणते. पण ती मला नाही कुठे म्हणू शकते? तूही नणंदेला आजवर कधी नाही म्हटलं नाहीस. या वेळी म्हण. लेक माझ्याकडे ठेवायची की तुझ्याकडे न्यायची, हे माझ्या भावाने नाही, तू ठरवायचं, आणि मला उलट टपाली कळवायचं.

तुझ्या उत्तरापुढे मान खाली घालून,
फुसी