नखाएवढा फ्यूज

तीर्थरूप मामा,

शनिवारी मी काम करतो त्या गॅरेजमधून तुमची गाडी वेळेवर मिळाली नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर मला कामचुकार म्हणालात. खरं तर गाडी दुपारीच तयार होती.

त्या सकाळी तुमच्या धाकट्याला गॅरेजसमोरच्या दुकानदाराने बिअर नाकारली. "सतरा वर्षांचा आहेस, पळ," म्हणाला. माझं वय भरलेलं आहे. धाकट्याने गळ घातली आणि मी आणून दिली. पिऊन तो बसने घरी जाईल, असं मी धरून चाललो.

दुपारी तो गाडी न्यायला आला. तोंडाला वास येत होता आणि हातात तुमची दुसरी चावी होती. नुसतं नाही म्हणून त्याने ऐकलं नसतं. "थांब, ऑइल बघतो," म्हणून मी बॉनेट उघडलं आणि नखाएवढा एक फ्यूज काढून खिशात टाकला.

गाडी काही सुरू होईना.

"दादा, तुला गाड्या दुरुस्त करता येतात की नुसत्या पुसता येतात?"

"नुसत्या पुसता येतात."

थोड्या वेळाने तो स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरू लागला. त्याची उतरेपर्यंत मी फ्यूज परत बसवला नाही, म्हणून गाडीला उशीर झाला.

दुकानदाराने नियम पाळला, मामा. मोडला तो मी. पुन्हा त्याने मागितली, तर माझंही वय भरलेलं नाही असं सांगेन.

हे पत्र तुम्हाला द्यायचं धाडस नाही. पण काल जेवताना तो धडधाकट तुमच्या शेजारी बसून मला कामचुकार म्हणत खिदळत होता, आणि मी दोनदा वाढून घेतलं.

तुमचा,
कामचुकार भाचा