माघातले तीन दिवस

हिगाशी-कसाई, तोक्यो
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. विभा हिला कुमुदिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला भाग पाडलं ते आधी सांगते. सदानंदभावजी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापताहेत. त्यांच्या तक्त्यात आईंच्या मृत्यूची तारीख भरायची आहे आणि त्यासाठी दाखल्याची प्रत हवी आहे. दाखला माझ्याकडे आहे. तू तीनदा मागितलास आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. चौथ्यांदा बदलणं मला शोभणार नाही. म्हणून एवढंच सांगते, की तो रकाना सध्या कोरा ठेव.

बाकी खुशाल. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि ते यंत्र मी कानात घालणार नाही. शैलेंद्रने मुलाच्या हक्काने त्यावर भाषण दिलं, सूनबाई सुरुचीने नुसतं बघितलं. सुरुचीचं बघणं जास्त लागतं. ती सकाळी साडेसातला तोयोसूच्या ऑफिसला निघते. कचरा कोणत्या दिवशी कुठला टाकायचा याचा तक्ता तिने फ्रिजवर लावलाय आणि त्याबरहुकूम तो मी टाकते. चुकले तर खालच्या मजल्यावरच्या आजी पिशवी परत दारात आणून ठेवतात, वर वाकून नमस्कारही करतात. अशा शिस्तीची माणसं मला आवडतात.

आठवड्यातून दोनदा मी ग्योतोकुला मोरिता-सान यांच्याकडे जाते. त्या इंग्लंडच्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. थॉर्नहॅव्हन नावाच्या एका उमराव घराण्याची वंशावळ त्या जपानीत आणताहेत. जुनी इंग्रजी कागदपत्रं मी वाचून दाखवते. चाळीस वर्षांपूर्वीची माझी एम. ए. अशी उपयोगी पडतेय. सध्या घोडं अडलंय ते काउंटेस अ‍ॅनपाशी. एका कागदात तिचं मरण १६३६ सालचं, दुसऱ्यात १६३७ चं. ते सोपं होतं. तेव्हा तिकडे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, म्हणून फेब्रुवारीतल्या मरणाला दोन साल मिळतात आणि दोन्ही खरी. पण दिवसही जुळत नाही. थडग्यावर मंगळवार, २१ फेब्रुवारी. घरच्या कारभाऱ्याच्या रोजनिशीत शनिवार, १८. मोरिता-सान म्हणतात की नक्कल करणाऱ्याची चूक असणार, तुम्ही टीप लिहून टाका. मी अजून लिहिलेली नाही.

तुझा खोकला कसा आहे? औषध मध्येच सोडू नकोस, तुला ती खोड आहे. नचिकेतरावांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी वहिनी,
कुमुदिनी

मिरज
२७ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना विभाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. ‘सौ.’ सवयीने लिहून गेलं. दादाला जाऊन सहा वर्षं झाली तरी हात ऐकत नाही. खोडत नाही, राहू दे.

इंग्लंडच्या कुठल्याशा राणीसाहेबांची तारीख शोधायला तुम्ही आगगाडीने जाता, आणि माझ्या आईची मागितली तर म्हणता रकाना कोरा ठेव! नचिकेतना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, वहिनींचा तो दाखला हरवलाय आणि तुझ्या वहिनी हरवलं हा शब्द उच्चारायच्या आधी जीव देतील. हरवला असेल तर खुशाल सांगा. मी रागावणार नाही, फक्त जन्मभर चिडवीन.

आणि तारखेत अडचण कसली? मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७. माघ शुद्ध एकादशी. केवढं पुण्याचं मरण, असं अख्खं गाव म्हणालं होतं. तो दिवस मी विसरेन का?

वहिनी, तुम्हांला एक कधी बोलले नाही. लग्न झालं रविवारी. त्या संध्याकाळी मी तुम्हांला दवाखान्यात फोन केला, सोमवारीही केला. पुण्याला निघते म्हटलं. तुम्ही म्हणालात की आईंना बरं आहे, पूजा आटप आणि मग ये. मी थांबले. माझी नवी साडी होती, नवं घर होतं, मला थांबायला बरंच वाटलं हो. आई दोन दिवस माझी वाट बघत पडली होती आणि मी सत्यनारायणाचा प्रसाद वाटत होते. म्हणून मी त्या एकादशीला पाणीसुद्धा घेत नाही. घरच्यांना वाटतं, देवाचं करते.

एवढाच आधार, की अक्षता पडल्याचं तुम्ही आईच्या कानात सांगितलंत तेव्हा ती हसली. ते तुम्ही मला स्मशानातून आल्यावर सांगितलंत. त्या एका हसण्यावर मी एकोणतीस वर्षं काढली.

दाखला शोधा. खोकला थांबलाय, औषध सोडलंय. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची विभा

हिगाशी-कसाई
१० जानेवारी २०२६

चि. सौ. विभा हिला आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, म्हणजे एकादशीच्या आत तुझ्या हातात पडेल. बसून वाच. नचिकेतराव घरी असताना वाच.

दाखला हरवलेला नाही. त्यावर शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७ ही तारीख आहे, वेळ संध्याकाळी पावणेपाच. अष्टमी. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आई गेल्या. मी एकटीच जवळ होते.

सहा वाजता मी खालच्या टेलिफोनवरून कार्यालयात फोन लावला, सांगण्यासाठीच लावला. सीमांतपूजन चाललं होतं. तुझा दादा फोनवर आला, मागे सनई वाजत होती. आई कशी आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, झोपल्या आहेत. तो म्हणाला की बरं झालं, मग मी निवांत कन्यादानाला बसतो. फोन ठेवला.

कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. सुतक लागलं असतं, लग्न मोडलं नसतं पण पुढे गेलं असतं, आणि मेपर्यंत मुहूर्त नव्हता. नचिकेतरावांच्या आत्याबाई आधीच कुरकुरत होत्या की मुलीची आई अंथरुणाला आणि लग्नाची कसली घाई. हे सगळं मी दोन मिनिटांत मोजलं. माझं गणित नेहमीच चांगलं होतं.

आईंना मी दवाखान्याच्या शवागारात ठेवायला सांगितलं. दादाला मी सोमवारी दुपारी दवाखान्यात सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, उद्या विभाची पूजा आहे, आता एवढं केलंस तर तीही होऊ दे. त्याने त्यानंतर मला याबद्दल एक शब्दही विचारला नाही, मरेपर्यंत. दहावा, बारावा, सगळी श्राद्धं त्याने चुकीच्या तिथीला केली, तिथी चुकीची आहे हे जाणून.

ज्याला मरणाची बातमी कळली नाही त्याला सुतक नसतं, असं शास्त्र आहे. त्यावर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण मला कळलेलं होतं.

आई तुझी वाट बघत पडल्या नव्हत्या, विभा. तू रविवारी निघाली असतीस तरी तुला त्या भेटल्या नसत्या. तू कुठेही कमी पडली नाहीस. तुझ्या मनात हे असेल असं मला इतक्या वर्षांत सुचलंसुद्धा नाही. मला वाटायचं, मी तुझं लग्न वाचवलं. तू एकादशीला पाणी घेत नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि मी लोकांना सांगायची की पोरगी किती श्रद्धाळू आहे.

ते हसणंही मी रचलेलं आहे. तू स्मशानातून आलीस, तुझं तोंड बघवेना, म्हणून बोलले.

काउंटेसचं कोडं मला पहिल्याच दिवशी सुटलं होतं. सोमवारी तिच्या मुलीचं लग्न होतं. बुधवारी त्यांचे उपासाचे दिवस सुरू व्हायचे, मग ईस्टरपर्यंत लग्न नाही. रोजनिशीत शनिवारी तिच्या खोलीला कुलूप घातल्याचं आणि शवपेटीसाठी सुताराला मागच्या दाराने आणल्याचं आहे. मोरिता-सान म्हणाल्या, कुमुदिनी-सान, पण आईचं मरण कोण लपवेल? मी म्हटलं, थोरली सून. त्या हसल्या. मला हसता आलं नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ती टीप लिहिली, आणि परक्या घरचं खरं लिहून झाल्यावर आपल्या घरचं टाळायला कारण उरलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तेही मीच ठरवल्यासारखं होईल.

तुझी,
कुमुदिनी

मिरज
३० जानेवारी २०२६

वहिनींस,

पत्र पंचविसाला मिळालं. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. काय करायचं ते मला कळेना, म्हणून काहीच केलं नाही. काल एकादशीला जेवले. पोळी, मटकीची उसळ, भात. नचिकेत समोर बसून राहिले. चव लागली नाही, पण जेवले.

तुम्ही माझ्यावरचं ओझं उतरवलंत आणि त्याच हाताने आईचं हसू नेलंत. यातलं काय मोठं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि कृपा करून तुम्ही ठरवू नका. तुम्हांला ती सवय आहे. चोविसाव्या वर्षी मला विचारलं असतंत तर मी लग्न पुढे ढकललं असतं. नचिकेत म्हणतात, ते थांबले असते. आत्याबाई कुरकुरल्या असत्या, त्या तशाही मरेपर्यंत कुरकुरल्याच.

दादा माझ्यासमोर दर वर्षी पिंड ठेवायचा. त्याचाही राग येतो, पण त्याला कुठे पत्र लिहू?

आई खरं काय बोलली ते मला हवं आहे. वाईट असलं तरी चालेल. गोड करून लिहू नका. दाखलाही हवा, प्रत नको, मूळचा.

विभा

हिगाशी-कसाई
८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विभा हिला आशीर्वाद, तुला चालत असतील तर.

सुरुची शनिवारी पुण्याला माहेरी येतेय. तिथून मिरजेला येऊन दाखल्याचं आणि दवाखान्याच्या शेवटच्या कागदाचं पाकीट तुझ्याच हातात देईल. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तुम्ही माझ्यापासून काय काय लपवलंय त्याची आता एक यादी द्या. चेष्टेत म्हणाली. मी चेष्टेत घेतलं नाही, दोन गोष्टी सांगितल्या.

तू विचारलंस ते लिहिते. दुपारी आईंनी पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं. पंखा कमी कर म्हणाल्या. मी केला, तर म्हणाल्या की आता उकडतंय, तुला एक काम धड येत नाही. त्यानंतर बोलल्या नाहीत. तुझं नाव घेतलं नाही. लग्नाचंही विचारलं नाही. मला ते तुझ्यापाशी जसंच्या तसं न्यायचं नव्हतं. त्यांचं शेवटचं वाक्य माझ्यावरच्या रागाचं होतं, हेही मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एकोणतीस वर्षांनी हे पत्र लिहिताना पहिल्यांदा वाटतंय, की तुझ्यासाठी म्हणून लपवलं त्यातलं थोडं माझ्यासाठीही होतं.

तक्त्यात काय भरायचं ते तू ठरव. मी सदानंदभावजींना काही कळवणार नाही.

उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी मी लिहीत राहीन.

कुमुदिनी

मिरज
१९ फेब्रुवारी २०२६

वहिनींस विभाचा नमस्कार. मोठं पत्र एवढ्यात जमणार नाही. ही नुसती पोच.

सौ. सुरुचीकडून आज मिळालं:
मृत्यूचा मूळ दाखला, एक. तारीख १५ फेब्रुवारी १९९७.
दवाखान्याचा शेवटच्या दिवसाचा कागद, एक. दोन्ही बाजूंनी लिहिलेला.
वहिनींचं पत्र, ८ फेब्रुवारीचं.

सदानंददादाकडे आज दिलं:
दाखल्याची प्रत, एक.
भरलेला तक्ता, एक. मृत्यू: माघ शुद्ध अष्टमी, शनिवार. तक्त्यात नसलेला एक रकाना मी शाईने आखून भरला. शेवटी जवळ कोण: थोरली सून, कुमुदिनी.